‘जुना पीसी आणा, घरातच सर्व्हर करा’ : या मेसेजचं काय खरं, काय खोटं

कोकणातल्या आंबा बागायतदार आणि होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं, की होस्टिंगला, म्हणजे साइट आणि मेल सांभाळणारा संगणक (सर्व्हर) भाड्याने घ्यायला, दरवर्षी पैसे कशाला घालवायचे? मुंबईतल्या ऑफिसातून निघालेला जुना पीसी आणा, दोन डिस्क मिरर करा (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं) म्हणजे बॅकअपची कटकट नाही, घरचा इन्व्हर्टर आहेच, एसी नको, खिडकीजवळ ठेवा, रात्री बंद करा. वेबसाइट आणि ईमेल, दोन्ही फुकटात. ऐन हंगामात याची किंमत मोजावी लागू नये, म्हणून एकेक दावा तपासू.

जुना पीसी पुरतो, हे अर्धं खरं आहे. पेट्यांचं बुकिंग घेणारी साइट आणि आठ-दहा मेलबॉक्स जुन्या प्रोसेसरलाही सहज झेपतात. अडतं ते रॅमपाशी, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीपाशी. साध्या रॅममध्ये एखादा बिट (० किंवा १) उलटला तर कुणाला पत्ताही लागत नाही आणि चुकीची नोंद तशीच डेटाबेसमध्ये जाते. ईसीसी रॅम एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त करते. जुनंच घ्यायचं तर ईसीसी रॅमचा जुना टॉवर सर्व्हर घ्या. त्यात बहुधा दुरून बंद-चालू करायची सोयही असते. घर दापोलीला आणि मालक डोंबिवलीला, अशा ठिकाणी ती फार कामाची.

मिरर म्हणजे बॅकअप, हा दावा मात्र साफ चूक आहे आणि सगळ्यांत घातकही. एक डिस्क गेली तर दुसरीवर काम चालू राहतं, एवढंच मिररचं काम. बुकिंगची यादी चुकून डिलीट झाली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचंही तेच. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या एकाच डब्यातल्या दोन डिस्कांनी काय वाचवलं असतं? दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी आणि ती परत उतरवता येते का, हे अधूनमधून करून बघायला हवं.

इन्व्हर्टरचं म्हणाल तर, बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर पंखा फिरत राहतो, पण पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. बरं, बॅटरी किती पुरणार? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगरकडे आठवडे उलटले तरी कित्येक घरांत वीज नव्हती. बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद करणं, हे संगणकासाठीच्या वेगळ्या यूपीएसचं खरं काम. त्यासाठी तो यूएसबी केबलने सर्व्हरला इशारा देतो, घरगुती इन्व्हर्टरमध्ये सहसा ती सोय नसते. एसएसडीही (फिरती चकती नसलेली डिस्क) वीज अचानक गेल्यास हातातलं लिखाण पुरं करणारे, क्षणभर वीज साठवणारे कपॅसिटर असलेली घ्या. साध्या एसएसडीत ते बहुधा नसतात.

आता खिडकी. मेसेज लिहिणाऱ्याने किनाऱ्यावर मशीन चालवलेलं नसावं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं आणि पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वरच असते. पंखा ती खारी हवा सतत आत ओढतो. दोन पावसाळे खिडकीजवळ काढलेला कॅबिनेट उघडून बघा: जाळीमागचे स्क्रू गंजलेले, कनेक्टरच्या तांब्यावर हिरवट थर, रॅमच्या खाचेत चिकट धूळ. कोरडी असताना ती धूळ निरुपद्रवी असते, ओली झाली की वीज वाहून नेते. म्हणून अशी मशीन उन्हात बरी चालतात आणि झड लागली की हँग होतात. दुरुस्तीवाल्याकडे नेईपर्यंत सुकतात, मग दोषच सापडत नाही. रात्री बंद करणं तर आणखी वाईट, कारण चालू मशीनच्या उबेमुळे आतली हवा त्यातल्या त्यात कोरडी राहते. समुद्राच्या विरुद्ध बाजूची बंद खोली, ड्राय मोडवर एसी आणि कमी वॅटचं, शक्यतो बिनपंख्याचं मशीन, असं जमत असेल तरच घरात सर्व्हर ठेवा.

ईमेलचा दावा हार्डवेअरने सुटणारच नाही. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बहुधा बदलता असतो, रिव्हर्स डीएनएस (त्या पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) आपल्या हातात नसतं आणि सर्व्हर एकमेकांना मेल पाठवतात ते पोर्ट २५ बऱ्याचदा बंद असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडून आली याचा पुरावा) आणि नीट रिव्हर्स डीएनएस मागतं. येणारी मेल सर्व्हर बंद असला तरी लगेच हरवत नाही, समोरचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण तुम्ही पाठवलेलं बुकिंगचं उत्तर स्पॅममध्ये पडलं तर पाहुणा दुसरीकडे खोली घेऊन मोकळा होतो.

साइट आणि मेल डेटासेंटरमधल्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ठेवा. जुना पीसी आणलाच असेल, तर रोज तिथला डेटा त्यावर उतरवून घ्या. या कामाला पोर्ट २५ लागत नाही आणि चार दिवस वीज नसली तरी बुकिंग अडत नाही.