पानठेल्यावर इंदिराबाईंचा विषय कसा काढावा

सगळ्यात आधी वेळ साधा. सकाळी नको, सकाळी माणसं कामाची असतात. संध्याकाळी सात-साडेसातला जा. ढोरं गोठ्यात आलेली, दूध डेअरीत गेलेलं, लाइन गेलेली आणि पानठेल्यावर बॅटरीवरचा एकच बल्ब जळत असलेला. दारव्ह्याकडच्या आमच्या कुठल्याही गावात अशा वेळी उभं राहा आणि एक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा घोटलेला माल, सांगा. ठेलेवाला खर्रा घोटत असतो तेवढी पाच मिनिटं गिऱ्हाइकाचं तोंड रिकामं असतं. तेवढ्यात आभाळाकडे बघत म्हणा, "पण काही म्हणा राजेहो, इंदिराबाई होती म्हणून..." वाक्य पूर्ण करू नका. ते पूर्ण करायला गाव समर्थ आहे.

तयारी फार लागत नाही. खिशात एक तारीख ठेवा. एकच. 16 डिसेंबर 1971, बांगलादेशची लढाई जिंकली ती, किंवा 25 जून 1975, आणीबाणी लागली ती, यातली जी झेपेल ती. दोन्ही तारखा घेऊन हिंडणारा माणूस दिवाणी कोर्टात शोभतो, पानठेल्यावर नाही.

समजा तुम्ही 16 डिसेंबर घेतली. मग काम सोपं आहे. आवाज जरा वर न्या आणि आकडे टाकत चला. पूर्व बंगालातून आलेले एक कोटीच्या घरात निर्वासित, तेरा दिवसांची लढाई, ढाक्यात जनरल अरोरांपुढे पाकिस्तानच्या नियाझीची शरणागतीची सही, 93 हजार युद्धकैदी. निक्सननं सातव्या आरमाराचं 'एंटरप्राइज' जहाज बंगालच्या उपसागरात पाठवलं तरी बाई हलली नाही, हे सांगताना आपण स्वतः किनाऱ्यावर उभे होतो असा चेहरा ठेवा. त्या 93 हजारांत सैनिकांबरोबर नागरिकही होते, हे बोलू नका. आकडा सोलला की बारीक होतो. वाजपेयींनी तिला दुर्गा म्हटलं, हे तर सांगायलाच हवं. आपण असं कधी म्हटलंच नव्हतं, असं वाजपेयी पुढे स्वतःच सांगत राहिले. पण वाजपेयींना काय ठाऊक वाजपेयी काय म्हणाले ते? गावाला जास्त ठाऊक असतं.

तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ यांची गोष्ट मात्र काढू नका. एप्रिलमध्येच फौज घालायची म्हणून बाई उतावीळ झाल्या होत्या आणि आपण भर बैठकीत नकार दिला, असं माणेकशॉ स्वतः सांगायचे. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्यांचे समुद्र होतात, मला वेळ द्या, असं त्यांचं म्हणणं. आणि बाई थांबल्या. मिरगाचे चार थेंब पडले की तिफण घेऊन धावणाऱ्या, आणि पंधरा दिवसांनी दुबार पेरणीचं बी उधार आणणाऱ्या आमच्या कास्तकाराला ही गोष्ट फार लवकर समजते. धोका तोच आहे. कोणीतरी म्हातारा हमखास विचारतो, "मंग चार वर्सांनी तिले नाई म्हनाले कोनीच नोयतं काय?" आणि अख्ख्या ठेल्यावर खर्रा तोंडातल्या तोंडात राहतो.

25 जूनवाल्यांना जरा जास्त मेहनत पडते. बाईंची निवड रद्द करणारा अलाहाबाद हायकोर्टाचा 12 जूनचा निकाल, रात्री उशिरा राष्ट्रपतींची सही, मंत्रिमंडळाला पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी, इथपर्यंत ठीक चालतं. पण दिल्लीत पेपर निघू नयेत म्हणून छापखान्यांची वीज तोडली, हे सांगून गावाच्या अंगावर काटा येईल अशी अपेक्षा ठेवू नका. "किती तास?" असं विचारतील. आमच्याकडे आठवड्याचं वेळापत्रक असतं आणि तेही पाळलं जात नाही. त्यापेक्षा हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे पकडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा म्हणायच्या हक्काच्या, खटल्याकडे वळा, कारण त्यात नागपूर आहे. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठासह अनेक हायकोर्टं म्हणाली होती की मिसातल्या, म्हणजे खटल्याशिवाय आत टाकायच्या कायद्यातल्या, कैद्याला कोर्टाचं दार बंद करता येणार नाही. ते दार 28 एप्रिल 1976 ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असं लावून घेतलं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती खन्ना. पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून गेलं. हा भाग जोरात सांगा. आपल्या विभागाचं नाव आलं की लोक माना डोलावतात, खटला समजो न समजो.

मात्र आणीबाणीच्या बाजूनं कोण कोण होतं, याची यादी करायला बसू नका. भारतीय कम्युनिस्ट पक्ष होता. शिवसेना होती. ज्या संघावर 4 जुलै 1975 ला बंदी आली, त्याचे सरसंघचालक देवरस येरवड्यातून बाईंना पत्रं लिहीत होते, आणि निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टानं बाईंच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा एका पत्रात अभिनंदनही होतं. यादी अशी वाढत गेली तर ठेल्यावर वाद घालायला शिल्लक फक्त ठेलेवाला राहील, आणि त्याचा जन्म 1990 चा आहे.

मिसाबंद्यांच्या मानधनाचाही विषय टाळा. ते 2018 साली सुरू झालं, 2020 साली बंद झालं, 2022 साली परत सुरू झालं. माणूस तुरुंगात एकदाच गेला होता. पण त्याचं जाणं कोणत्या वर्षी पुण्याचं आणि कोणत्या वर्षी बिनकामाचं, हे मुंबईत मंत्रालयात कोण बसलंय त्यावर ठरतं. हा हिशेब कापसाच्या भावापेक्षाही अवघड आहे.

बाईच्या बाजूनं बोलणाऱ्यानं श्रेय देताना हात सैल ठेवावा. 14 बँका सरकारी केल्या त्या तिनंच, त्याबद्दल वाद नाही. रोजगार हमीसुद्धा तिच्याच नावावर लिहा. ती महाराष्ट्र सरकारची योजना, वि. स. पाग्यांच्या डोक्यातून निघालेली, आणि मुख्यमंत्री होते आपल्याच जिल्ह्यातले, गहुलीचे वसंतराव नाईक. कापसाची सरकारी एकाधिकार खरेदीही नाईकांच्याच काळातली. पण घरच्या माणसाला श्रेय द्यायची आपल्याकडे रीत नाही. आणीबाणीत रेल्वे वेळेवर धावायची, हेही बिनधास्त सांगा. आमच्या गावाला ठाऊक असलेली एकमेव रेल्वे म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला, जिच्यातून उतरून, धुऱ्यावर बसून, पुन्हा त्याच डब्यात चढता यायचं. ती आणीबाणीत वेळेवर होती असं शपथेवर सांगणारे तीन जण मी पाहिले आहेत. कोणती वेळ, ते तिघांनीही सांगितलं नाही.

विनोबांच्या आश्रमाच्या पवनारबद्दल सावध असा. धाम नदी इथून फार लांब नाही आणि विनोबा म्हटलं की लोक चपला काढतात. 1975 मध्ये त्यांचं वर्षभराचं मौन चालू होतं. मौनात असलेल्या माणसाचे दोन शब्द, 'अनुशासन पर्व', सरकारनं उचलले आणि देशभर रंगवले. नंतर विनोबांनी फोड करून सांगितलं की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन. पण भिंतीवर जे आधी रंगवलं जातं तेच टिकतं. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर मी लहानपणी 'नुशास' एवढं वाचलेलं आहे. ते एखाद्या औषधाचं नाव असावं असं मला बरीच वर्षं वाटायचं.

आणि कोणी शहाणा उठून 1977 चा विषय काढेल की जनतेनं बाईला धडा शिकवला, तर गावाकडे बघून गप्प राहा. उत्तरेत काँग्रेस भुईसपाट झाली, रायबरेलीत खुद्द बाई पडल्या, आणि विदर्भातल्या बहुतेक जागा काँग्रेसनंच नेल्या. पुढच्याच वर्षी पक्ष फुटला, गाय-वासरू हे चिन्ह गेलं, पंजा आला, तरी विधानसभेला विदर्भ बाईकडेच. आमच्या आजीनं तर पंजावर शिक्का मारताना 'गाय कुठी गेली?' म्हणून मतदान केंद्रातल्या मास्तरला दरडावलं होतं. आणीबाणी तिला माहीत नव्हती असं नाही. चांगलीच माहीत होती, ते पुढे येईल.

खरं म्हणजे ठेल्यावर कोणाला इंदिरा गांधी नको असतात. काहींना देवी हवी असते, नवरात्रात बसवायला. काहींना मारबत हवी असते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर नेऊन जाळायला. आणि ओरडायला, महागाई घेऊन जा गे मारबत, घराणेशाही घेऊन जा गे मारबत. दोन्हींना माती, रंग आणि बांबू तोच लागतो. तुम्ही मध्येच जाऊन 'अहो, ती एक बाई होती, तिला सर्दीही होत असेल' असं म्हणालात तर दोन्ही मिरवणुका तुमच्यावर येतील.

सिमल्याचा, म्हणजे 1972 साली भुट्टोंशी झालेल्या कराराचा, विषय ज्ञानी माणसासाठी राखून ठेवा. युद्धात जिंकलं ते टेबलावर घालवलं, 13 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन परत केली, काश्मीरचं काय ते तेव्हाच लिहून घ्यायला हवं होतं. हे सगळं आमच्याकडे सगळ्यात पोटतिडकीनं कोण सांगतं? माझे काका. त्यांचा आणि माझ्या मोठेबाबांचा, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाचा, एका धुऱ्यावरून आणि त्याला लागून असलेल्या विहिरीवरून 1994 पासून दावा चालू आहे. अडीच हात जमीन आहे. ती टेबलावर सोडायला दोघंही तयार नाहीत, पण भुट्टोशी कसं बोलायला हवं होतं ते दोघांनाही माहीत आहे.

या दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे. लग्नात एकमेकांच्या पंगतीत बसत नाहीत. बोलतात ते फक्त ठेल्यावर, फक्त इंदिराबाईवर, आणि तेही ठेलेवाल्यामार्फत.

"सांग त्याले," मोठेबाबा म्हणतात, "चावडीच्या रेडूवर म्या सोता आयकलं. सोळा तारखेले. चवदा वर्साचा होतो. सरपंचानं गूळ वाटला."

"सांग त्याले," काका म्हणतात, "जीप आली तवा रेडू कुठी ठेवला होता?"

जीप 1976 सालची. काका तेव्हा तेरा वर्षांचे. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांना नसबंदीची 'केस' आणायचा कोटा होता. देशभरात त्या एका वर्षात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आमच्या आज्याला चार लेकरं होती. कायद्याची वाट पाहायला कोणी थांबलं नाही. जीप शेताच्या धुऱ्याशी उभी राहिली, आजा विहिरीवर होता, काका न्याहारी घेऊन गेले होते. भाकरी घेऊन ते तिथंच उभे राहिले. आजा तिसऱ्या दिवशी घरी आला आणि आठ दिवस कोणाशी बोलला नाही.

आता ती विहीर. ती 1973 ची. मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन दुष्काळ काढल्यावर आज्यानं बँकेचं कर्ज काढून ती खोदली. त्याआधी आमच्या घरात कर्ज म्हणजे सावकार, आणि सावकार म्हणजे गेलेलं वावर. सरकारी झालेल्या बँकेच्या खुर्चीवर बसून आज्यानं सही केली, अंगठा नाही, आणि ही गोष्ट तो मरेपर्यंत सांगायचा. जीपवाल्या साहेबानं त्याच कर्जाचा हप्ता दाखवून त्याला गाडीत बसवलं होतं: केस झालास तर हप्त्याला मुदत, नाहीतर इंजिन उचलून नेऊ. मुदत मिळाली. विहीर राहिली. बँकेचं पुस्तक आणि नसबंदीचा दाखला आजीनं एकाच पत्र्याच्या पेटीत, एकाच फडक्यात बांधून ठेवला होता. वर इंदिराबाईचा कॅलेंडरातून कापलेला फोटो. पेटी आता माझ्याकडे आहे.

तर माझा सल्ला असा की असलं काही तुमच्या घरात निघालं तर ठेल्यावर नेऊ नका. मी एकदा नेलं होतं. फडकं सोडून दोन्ही कागद बल्बखाली धरले आणि म्हटलं, हे बघा, विहीरही तिचीच अन् जीपही तिचीच. मोठेबाबांनी बँकेचं पुस्तक हातात घेतलं. काकांनी दाखला घेतला. दोघंही बराच वेळ वाचत राहिले, चष्मे नव्हते तरी. ठेलेवाला एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता, पण सांगायला कोणाकडेच काही नव्हतं. पुढचे चार दिवस दोघांपैकी कोणी ठेल्यावर आलं नाही. काकूनं मला घरी बोलावून विचारलं, "काऊन रे, काय केलं तू? हे घरात कोनाशी बोलत नाईत, मोठे भाऊबी तसेच हायेत म्हनते."

पाचव्या दिवशी मीच गेलो. खर्रा सांगितला, आभाळाकडे बघितलं आणि म्हटलं, "पण काही म्हणा, निक्सनचं जहाज आलं तेव्हा..."

"सांग त्याले," मोठेबाबा लगेच म्हणाले.

रात्री साडेदहाला थ्री-फेज लाइन आली. ओलिताचा दिवस होता. दोघंही उठले, एकानं टॉर्च घेतला, दुसऱ्यानं फावडं, आणि एकाच विहिरीकडे निघाले, मध्ये वीस पावलांचं अंतर ठेवून. ठेलेवाला दुकान बंद करत होता. मागच्यानं अंधारातून ओरडून त्याला विचारलं, "सांग त्याले, सिमल्यात काय लिवून घेतलं होतं?"