कुत्र्याच्या प्लेटलेट्स आणि व्हॉट्सॲपवरचे वैदू

काल मावशीचा फोन. "अगं, शेरूच्या प्लेटलेट्स आल्या की वर. डॉक्सी बंद करू ना?" (डॉक्सी म्हणजे डॉक्सीसायक्लिन, शेरूच्या गोचीड तापावरचं अँटिबायोटिक.) पाठोपाठ तो मेसेज, जो सध्या सगळ्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्लेटलेट्स कमी म्हणजे गोचीड ताप. पपईच्या पानांचा रस पाजा. तापाला आयबुप्रोफेनची अर्धी गोळी द्या. स्टेरॉइड विष आहे. आकडा दीड लाखावर गेला की औषधं बंद.

आधी ती अर्धी गोळी, कारण तिने कुत्रा मरू शकतो. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी निकामी होऊ शकते. वर ते प्लेटलेट्सचं गुठळी धरायचं कामच अडवतं. म्हणजे आधीच मूठभर उरलेल्या, त्याही कामातून जाणार. ॲस्पिरिनचंही तेच. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर पोटात रक्तस्राव व्हायला आणखी वाव. गोळी देऊन बसला असाल तर ओठ उचलून हिरड्या बघा. पांढुरक्या पडल्यात का? टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का? पोटाखाली, मांडीच्या आतही बघा. शी डांबरासारखी काळी, चिकट झाली असेल तर आत रक्त जातंय. पण यातलं काहीच दिसलं नाही तरी गोळीचं डॉक्टरांना लगेच सांगा. त्यासाठी ग्रुपवर मत मागू नका, गाडी काढा.

पपईचं अर्धसत्य मान्य करते, नाइलाजाने. डेंग्यूच्या माणसांवरच्या काही चाचण्यांत आकडा जरा लवकर चढला. पण डेंग्यूचा विषाणू आपला आपण ओसरतो आणि प्लेटलेट्स सावरतात. कुत्र्यांत गोचीड ताप आणणारा एर्लिकिया हा जिवाणू, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत घर करून बसणारा. त्याला डॉक्सीसायक्लिन लागतं. आणि माणसांचं शुगर-फ्री सिरप तर अजिबात नको. त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोडवा असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते.

आता मावशीचा प्रश्न. नाही, बंद करायची नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनच्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच सांगून ठेवलंय: डॉक्सी वजनाच्या किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, 28 दिवस. आकडा काही दिवसांत चढतो, म्हणून जिवाणू गेला असं होत नाही. तो दबून राहिला तर पुढे काही कुत्र्यांत बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगजच, बंद पडतो, आणि मग प्लेटलेट्स बनवणार कोण? फक्त गोळी कोरडी कोंबू नका, अन्ननलिकेला जखम होते. खाण्यातून द्या, वर पाणी पाजा.

स्टेरॉइडने तहान, भूक वाढते, कुत्रा घरात मुततो, हे खरं. साध्या गोचीड तापात ते दरवेळी लागतं असंही नाही. पण शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स खात सुटते, त्या आजारात प्रेडनिसोलोन हेच मुख्य औषध. आकडा फार घसरला तर डॉक्टर व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन देतात. ते कॅन्सरचं औषध आहे म्हणून घाबरू नका, इथे डोस छोटा असतो. प्रेडनिसोलोन मात्र एकदम तोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं कमी करत न्यायचं.

राहता राहिलं "कमी म्हणजे गोचीडच". कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या कुत्र्यांच्या जातीत कित्येकांचा आकडा जन्मापासूनच कमी असतो, त्यांना काही होत नाही. कधी तपासणीसाठी रक्त घेतलेल्या नळीतच प्लेटलेट्सचे गठ्ठे होतात आणि मशीन भलताच आकडा छापतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा: रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली कुणी बघितली का?