थर्मोची 'महाट्रिक' आणि डिस्टिलरीची टाकी

सांगलीत बारावी-सीईटीच्या पोरांच्या ग्रुपवर एक 'थर्मो महाट्रिक' (थर्मोडायनॅमिक्सची गणितं झटपट सोडवायची युक्ती) फिरतीय, पालकसुद्धा डोळे झाकून फॉरवर्ड करतायत. तीनच ओळी. कोएफिशिएंट (समीकरणात पदार्थापुढं लिहिलेले आकडे) फक्त बॅलन्सिंगपुरते, टेबलमधली व्हॅल्यू डायरेक्ट टाका. एलिमेंट दिसलं की झिरो. समीकरण दुप्पट केलं की सगळंच दुप्पट. (पहिली आणि तिसरी ओळ एकमेकींना कापतात हे बनवणाऱ्याच्या ध्यानातच आलेलं नाही.)

पहिल्या ओळीचं बघू. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, तिथं यीस्ट मळीतली साखर खातं, तेच उदाहरण घ्या. एक मोल ग्लुकोजपासनं दोन मोल इथेनॉल आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड. फॉर्मेशन एन्थाल्पी (एलिमेंटपासनं एक मोल पदार्थ तयार होताना उष्णतेत होणारा बदल, किलोजूलमध्ये) ग्लुकोजची उणे १२७३.३, इथेनॉलची उणे २७७.६, कार्बन डायऑक्साइडची उणे ३९३.५. इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड दोनानं गुणून बेरीज केली आणि त्यातनं ग्लुकोजचा आकडा वजा केला तर उत्तर उणे ६८.९ किलोजूल, म्हणजे उष्णता बाहेर पडणार. ट्रिकप्रमाणं न गुणता टाकलं की येतं अधिक ६०२.२, मग टाकी आपोआप गारठायला पाहिजे की! प्रत्यक्षात टाकी तापू नये म्हणून तिथं कूलिंगचं पाणी फिरवत बसावं लागतं, नाहीतर यीस्ट दमतं. टेबलमधला आकडा एका मोलचा, तयार होतायत दोन मोल, मग गुणायचं नाही तर काय करायचं?

एलिमेंट झिरो हे फॉर्मेशन एन्थाल्पी आणि फॉर्मेशन गिब्जला (गिब्ज म्हणजे प्रक्रिया आपोआप होईल का हे सांगणारी ऊर्जा) ठीक आहे, एन्ट्रॉपीला (विस्कळीतपणाचं माप) नाही. एन्ट्रॉपी बघा, जूल प्रति केल्व्हिन प्रति मोलमध्ये: हायड्रोजन १३०.७, ऑक्सिजन २०५.२, द्रव पाणी ७०. एक मोल पाण्याला ऑक्सिजन अर्धा मोल लागतो, तो अर्धा पण गुणायचा, उत्तर उणे १६३.३. झिरो धरलं तर अधिक ७०, चिन्हच पलटलं.

तिसरी ओळ अर्धी खरी आहे आणि म्हणूनच पोरं फसतात. पाण्याचं समीकरण दुप्पट केलं की गिब्ज उणे २३७.१ किलोजूलचं उणे ४७४.२ होतं, एन्थाल्पी पण दुप्पट, मान्य. पण याच अभिक्रियेवर चालणाऱ्या सेलचा व्होल्टेज १.२३ तो १.२३च राहतो, कारण इलेक्ट्रॉन पण दोनाचे चार झाले आणि भागाकार तेवढाच आला. आणि के, म्हणजे समतोलाला तयार झालेल्या आणि उरलेल्या पदार्थांचं प्रमाण सांगणारा स्थिरांक? गिब्ज के च्या लॉगशी बांधलेली असल्यानं ती दुप्पट झाली की के चा वर्ग होतो, निम्मी केली की वर्गमूळ. अमोनियाचं २५ अंशाला दोन मोलचं समीकरण लिहिलं तर के साधारण ६ लाख, तेच एका मोलचं लिहा, ७७५ च्या आसपास येईल. ट्रिकवाले ३ लाखावर टिक करून येणार, आणि पेपर काढणारा तो ऑप्शन ठेवल्याशिवाय राहत नाही.