काचेच्या इमारतीतलं शांघाय : सोलापूरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सोलापूरकर,

शांघायमधल्या शनिवारच्या भाजीबाजारावर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि चांगलीच तिखट आहे. ‘धन्यवाद, लोभ असावा’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही जे तोंडावर विचारलंत ते बरेच जण आडून विचारतात. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : तुमचं म्हणणं, मी कंपनीच्या पैशाने काचेच्या इमारतीत राहते आणि तिथून दिसेल तेवढंच लिहिते. मेट्रो, भाजी, स्वच्छता यांचे गोडवे गाते. पाळत, बंद इंटरनेट, राबणारी माणसं यांवर अवाक्षर काढत नाही. डॉ. कोटणीसांचं नाव घेऊन चीनशी सोयरीक जोडते, आणि गलवाननंतर हे मराठी माणसाला शोभत नाही. शेवटी जाता जाता विचारलंत, भाच्याला शांघायच्या कंपनीची ऑफर आली आहे, त्याने यावं का?

काचेच्या इमारती ह्वांगपू नदीपलीकडे, पुडोंगला. मी अलीकडच्या बाजूला पुथुओ भागात राहते, त्साओयांगच्या जवळ. ही चिनी सरकारने क्रांतीनंतर बांधलेली पहिली मोठी कामगार वसाहत, १९५१ साली सुरू झालेली. पहिली घरं मिळाली ती आसपासच्या गिरण्या-कारखान्यांतल्या ‘आदर्श कामगारां’ना. आमची इमारत त्यामानाने नवी, नव्वदच्या दशकातली, सहा मजली. लिफ्ट नाही. शहरभर जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट जोडून देण्याची योजना चालू आहे, पण आमच्या तळमजल्याचा तिला विरोध आहे. तो का, हे कुठल्याही सोसायटीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. भाडं माझ्या पगारातून जातं.

आमच्या जिन्यात एक निवृत्त बाई राहतात, सूतगिरणीत होत्या. सुचौ नदीच्या काठाने तेव्हा गिरण्याच गिरण्या होत्या. नव्वदच्या दशकात त्या एकेक बंद झाल्या. १९९८च्या जानेवारीत तर सूत कातायच्या जुन्या चात्या घणाने फोडून भंगारात काढायचा जाहीर कार्यक्रमच झाला. बाईंना त्याच्या आधीच घरी बसवलं होतं, वय चाळिशीच्या आत. गिरणीतून काढलेल्या काही तरुण बायकांना विमान कंपनीने हवाई सुंदरी म्हणून घेतलं, त्याचं तेव्हा वर्तमानपत्रांतून भारी कौतुक झालं. बाई म्हणतात, ‘फोटो त्यांचे छापले. आम्ही जिने पुसले.’

या बाई अजूनही ओरडूनच बोलतात. साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात बोलून बोलून तोच आवाज कायमचा बसला. मला हे पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटलं, कारण माझे आजोबा लालबागला साचेखात्यात होते आणि तेही घरात असंच बोलायचे. १९८२च्या संपानंतर त्यांचं काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्या गावानेही गिरण्या बंद पडताना पाहिल्या आहेत. मोगानशान रस्त्यावर ५० नंबरला अशाच एका जुन्या गिरणीत आता चित्रांची दालनं आणि कॅफे आहेत. मी बाईंना तिथे घेऊन गेले होते. मला वाटलं, काहीतरी आठवणी सांगतील. त्यांनी कॉफीचा भाव विचारला, ‘वेड लागलंय यांना’ म्हणाल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या.

तेव्हा काचेचं राहू द्या. तुमचा खरा मुद्दा पाळतीचा आहे, आणि तिथे मी तुमच्याशी वाद घालते तो वेगळ्या कारणासाठी. तुम्ही म्हणता, सोयी एका पारड्यात टाकल्यास तर पाळत दुसऱ्या पारड्यात टाक. इथे राहणाऱ्याला अशी दोन पारडी सापडतच नाहीत. भाजीवालीच्या टोपलीवरचा क्यूआर कोड, मेट्रोचं फाटक, रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, दवाखान्याचा नंबर, पार्सलच्या कपाटाचा आकडा, सगळं एका मोबाइल नंबरावर चालतं. तो नंबर पासपोर्ट दाखवून, फोटो काढूनच मिळतो. सोय त्या नंबरामुळे आहे आणि मी कुठे काय करते हे सरकारला कळू शकतं तेही त्या नंबरामुळेच. अगदी पहिल्या दिवसापासून : हॉटेल सोडून कुणाच्या घरी उतरलात की २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची, असा परदेशी माणसांसाठी कायदाच आहे.

बाहेरच्यांना वाटतं, इथे भीती कॅमेऱ्याची. रोजची धास्ती त्याहून रटाळ आहे : आपण कुठल्यातरी यंत्रणेत बसत नाही, ही. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सगळं आहे. बँकेतल्या मुलीने आडनाव आधी घेतलं, मधल्या जागा काढून टाकल्या आणि रकाना संपला म्हणून शेवटची अक्षरं गाळली. मोबाइल कंपनीने नाव नीट लिहिलं, जागा सोडून, आडनाव शेवटी. पैसे देण्याच्या ॲपने दोन्ही नावं ताडून पाहिली आणि ठरवलं की ही दोन माणसं आहेत. झालं. पगार खात्यात, आणि मी कोथिंबिरीच्या जुडीसाठी नोट पुढे करून उभी. रोख नाकारता येत नाही असा इथला नियम आहे, भाजीवालीने नाकारलीही नाही. पण तिच्याकडे सुटे नव्हते, शेजारच्या टोफूवाल्याकडे नव्हते, त्याच्या पुढच्या मासळीवालीकडेही नव्हते. शेवटी ती म्हणाली, जुडी घेऊन जा, उद्या दे. तो उद्या बरेच दिवस लांबला. बँकेतल्या एका पोक्त कारकुनाने माझं नाव नाना तऱ्हांनी टाइप करून पाहिलं, कधी वडिलांसकट, कधी वडिलांना आडनावाला चिकटवून, आणि एकदाचं ते जुळलं. जुळलेलं रूप त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी आजही माझ्या पासपोर्टच्या प्लॅस्टिकमध्ये आहे. पासपोर्टचं नूतनीकरण झालं की नंबर बदलतो आणि ही सगळी यात्रा पुन्हा करावी लागते.

आणि पाळतच म्हणाल तर सर्वांत बारीक नजर आमच्या कचऱ्यापाशी बसणाऱ्या काकूंची. १ जुलै २०१९पासून शांघायमध्ये कचऱ्याचे चार भाग सक्तीचे झाले : ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. ओला टाकायचा तो सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेतच, पिशवी फोडून, आतला माल एका डब्यात आणि पिशवी दुसऱ्यात. चुकलात तर २०० युआनपर्यंत दंड. नारळाची करवंटी मी सरळ ओल्यात टाकायला निघाले होते. काकूंनी हात धरून सुक्यात टाकायला लावली. कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आले, कोण घरी स्वयंपाकच करत नाही, हे त्या डब्यावरून सांगतात. कॅमेऱ्याचं मला काही वाटेनासं झालंय, पण काकू दिसल्या की मी पिशवी पुन्हा एकदा तपासते.

ही सगळी यंत्रणा नागवी दिसली ती २०२२च्या वसंतातल्या कोविडच्या टाळेबंदीत. २८ मार्चला पुडोंग बंद झालं, १ एप्रिलला आमची बाजू. चार दिवस म्हणून सांगितलं होतं. दार नीट उघडलं ते १ जूनला. सरकारकडून दाराशी पिशवी यायची : कोबी, गाजर, मुळा, कधी खारवलेलं बदक. मी शाकाहारी. जिन्याच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘बदक आहे, बदल्यात काय?’ आणि पाच मिनिटांत गिरणीवाल्या बाईंचा निरोप आला, ‘आलं, सोयाबीन आणि अर्धी बाटली तेल.’ पिशवी पायरीवर ठेवायची, दार लावायचं, मग दुसऱ्याने उचलायची. दुकानदार थेट सोसायटीलाच माल द्यायचे, तेही किमान इतके किलो असेल तरच. मग कुणीतरी पुढाकार घेऊन याद्या करायचं, पैसे गोळा करायचं. आमच्या इमारतीत हे काम एका विशी-पंचविशीच्या मुलीने केलं. तिच्या याद्या बघून मला गणपतीच्या वर्गणीचे आमचे चिटणीस आठवले. वस्ती समितीचे लोक पांढऱ्या पोशाखात दमून गेलेले, आणि लोक त्यांच्यावरच ओरडत होते.

त्या एप्रिलमध्ये शहरातल्या माणसांच्या फोनवरच्या आवाजांची एक चित्रफीत फिरली : औषध मागणारे, बाळासाठी विनवणारे, अडकलेले ट्रकवाले. ती पुसली जायची, लोक ती आडवी करून, उलटी करून पुन्हा टाकायचे, पुन्हा पुसली जायची. रात्रभर माझ्या फोनवर ती येत होती आणि जात होती. काही सोसायट्यांत लोकांनी खिडकीत उभं राहून भांडी वाजवली. आपल्याकडे २०२०च्या मार्चमध्ये थाळ्या वाजल्या त्या आभार मानायला. इथे वाजल्या त्या जेवायला नाही म्हणून. हे इथल्याच लोकांनी केलं, हे तुम्ही लक्षात घ्यावं. चिनी माणूस गप्प बसतो असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तो नेमकं कुठपर्यंत बोलायचं ते ओळखून बोलतो, आणि त्या दिवसांत ती रेघही ओलांडली गेली.

राबणाऱ्या माणसांबद्दल. २०२०च्या जनगणनेत शांघायची लोकसंख्या २ कोटी ४८ लाखांच्या वर होती, त्यातले सुमारे १ कोटी ५ लाख बाहेरच्या प्रांतांतले. पिवळ्या-निळ्या जाकिटातले डिलिव्हरीवाले, घरकामाच्या बायका, बांधकामावरचे मजूर, बहुतेक सगळे यांतले. यांची रहिवासाची सरकारी नोंद, म्हणजे हुकौ, गावची. मुंबईत आलेल्या बिहारी टॅक्सीवाल्याचा मुलगा दहावी-बारावी मुंबईतून देतो. इथे आईबापांकडे ठरावीक गुण भरतील असा राहण्याचा परवाना नसेल, तर मुलाला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी गावीच परतावं लागतं. म्हणून खूप मुलं आधीपासूनच आजीआजोबांकडे ठेवलेली असतात. माझ्याकडे पूर्वी कामाला येणाऱ्या बाई आनह्वे प्रांतातल्या. दुपारी त्या फोन भांड्यांच्या रॅकला टेकवून मुलाला गणितं सोडवायला लावायच्या आणि इकडे ओटा पुसायच्या. त्यांना स्वतःला ती गणितं येत नव्हती. नुसतं ‘पुढचं’, ‘पुढचं’ म्हणायच्या. तुमच्या प्रतिक्रियेत शोषण हा शब्द आहे, तो मी खोडत नाही. पण त्याच प्रतिक्रियेत ‘आपल्याकडे निदान असं नाही’ हे वाक्यही आहे. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीनंतर कुठे असतात, हे एकदा बीडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

कोटणीसांचं म्हणाल तर ते सोलापूरचे, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला आले आणि १९४२च्या डिसेंबरात, ३२व्या वर्षी, चीनमध्येच गेले. जुन्या पिढीला त्यांचं चिनी नाव माहीत असतं. मी भारतीय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतले एक आजोबा ते नाव घेतात, मग क्रिकेटऐवजी कबड्डीबद्दल काहीतरी विचारतात. एवढंच. त्याने व्हिसाच्या रांगेत नंबर पुढे जात नाही.

गलवानबद्दल : वीस जवान गेले, ते मी विसरलेले नाही. ज्यांच्याशी मी बदकाच्या बदल्यात तेल घेतलं, त्या बाईंकडे मी त्याचा जाब मागत नाही. कोविडमुळे २०२०च्या सुरुवातीला बंद पडलेली थेट विमानं गलवाननंतर बंदच राहिली, ती २०२५च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. तोवर आम्ही हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर करत घरी येत होतो. काहींना त्या फिरवाफिरवीत आईबापांचं शेवटचं दर्शनही झालं नाही. यावर कुणी काही लिहिलं का?

हो, काही गोष्टी मी इथे बसून लिहीत नाही. तो माझा हिशेब आहे आणि तो मी उघड सांगते. शेजाऱ्यांची नावं, कंपनीचं नाव, कोण कशावर काय म्हणालं यातलं बरंचसं, हे गाळते. मला फार तर परत पाठवतील, त्यांना इथेच राहायचंय. जे लिहिते ते पाहिलेलं असतं. लाल माठ, दोडका, कारलं आणि अळकुड्या इथल्या बाजारात मिळतात, हेही पाहिलेलंच आहे, आणि ते लिहायला मला कुणाची परवानगी लागू नये, तुमचीही.

आता भाचा. यावं, पण आधी काही गोष्टी बघून. पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव नसेल तर नोकरीचा परवाना मिळणं अवघड, म्हणून अनुभवाचं पत्र आधीच नीट घ्यायला सांगा. पदवी आणि पोलिसांचा दाखला चिनी दूतावासाकडून प्रमाणित करून घ्यायला वेळ लागतो. पर्यटक किंवा ‘बिझनेस’ व्हिसावर ये, मग बघू, असं कंपनी म्हणत असेल तर सरळ नाही म्हणावं. पकडला गेला तर तोच अडकतो. घर भाड्याने घेताना एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायचा इथे रिवाज आहे, म्हणजे पहिल्या पगाराआधी चार महिन्यांचं भाडं हाताशी हवं. कंपनी उचल देते का, हे सहीआधी विचारावं. हिवाळ्यात इथे घरं गरम करणारी मध्यवर्ती व्यवस्था नाही, ती उत्तरेकडच्या शहरांत. जानेवारीत घरात कोट घालून बसायची तयारी हवी. लग्न झालेलं असेल आणि मुलं असतील तर गणित बदलतं, आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनी देणार नसेल तर पगारातलं काही उरत नाही.

त्याला आणखी काही विचारायचं असेल तर इथेच खाली लिहू दे, मी उत्तर देईन. फक्त कंपनीचं नाव लिहू नये म्हणावं.