अंक जाळीवर नेमके कुठे ठेवायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॅक्सवेलची विद्युतचुंबकत्वाची समीकरणे डिफरन्शियल फॉर्मच्या (रेषा, पृष्ठ किंवा घनफळावर संकलन करता येणाऱ्या राशींच्या) साहाय्याने संगणकीय गणनेच्या जाळीवर कशी उतरवावीत, यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. घनाकृती जाळीवर शेवटी केन यी यांची विद्युतचुंबकीय क्षेत्रे संगणकावर मोजण्याची 1966 सालचीच सूत्रे हाती येतात, मग एवढा खटाटोप कशासाठी, हा पहिला. आणि ‘मूळ सिद्धान्ताची सगळी रचना जशीच्या तशी उतरते’ हे माझे विधान चुकीचे आहे, हा दुसरा. दुसरा मला पूर्णपणे मान्य आहे, पहिला नाही.

सूत्रे तीच येतात आणि अचूकताही दुसऱ्या घाताचीच राहते (जाळीचे अंतर निम्मे केले की चूक साधारण चौथाई होते), हे खरे. परंतु यी यांनी विद्युतक्षेत्राचे अंक कडांवर आणि चुंबकीय क्षेत्राचे पृष्ठांवर का ठेवले, याचे कारण फॉर्मच्या भाषेत उलगडते: विद्युतक्षेत्राचे संकलन रेषेवर होते, चुंबकीय अभिवाहाचे (पृष्ठातून आरपार जाणाऱ्या क्षेत्राचे) पृष्ठावर. जाळीतला एकच घन डोळ्यांसमोर आणा. एखाद्या पृष्ठातून जाणारा अभिवाह काळाच्या दर पावलाला किती बदलतो, हे त्याच्या चार कडांवरील अंकांच्या चिन्हांसहित बेरजेने ठरते. सहाही पृष्ठांचे बदल एकत्र केले की 12 कडांपैकी प्रत्येक कड बरोबर दोनदा येते, एकदा अधिक आणि एकदा उणे, आणि बेरीज शून्य होते. त्यामुळे आरंभी शून्य असलेला घनाचा निव्वळ अभिवाह, संगणकाची पूर्णांकनाची त्रुटी वगळता, शून्यच राहतो, मग जाळी कितीही जाडीभरडी असो. या हिशेबात लांबी किंवा कोन कुठेच आला नाही. ती माहिती फक्त हॉज स्टारमध्ये, म्हणजे लांबी-कोन वापरून कडांवरील आणि पृष्ठांवरील राशी एकमेकींत बदलणाऱ्या क्रियेत शिरते, आणि अवकाशातील अंदाजाची सगळी चूकही तिथेच साठते. चूक कुठे आहे हे ठाऊक असणे मला अचूकतेच्या घाताहून मोलाचे वाटते.

जाळी चतुष्फलकांची झाली की हा फरक प्रत्यक्ष दिसतो. धातूच्या बंद पोकळीच्या अनुनाद वारंवारता काढताना क्षेत्राचे तिन्ही घटक शिरोबिंदूंवर ठेवले, तर खऱ्या वारंवारतांमध्ये खोट्या मिसळू शकतात आणि जाळी बारीक करूनही त्या हटतीलच असे नाही. अंक कडांवर ठेवले, तर ग्रेडियंटची रूपे (एखाद्या अदिश राशीच्या उतारापासून बनणारी क्षेत्रे, जी खरा अनुनाद नसतात) नेमकी शून्यावर जाऊन बसतात आणि सहज वेगळी काढता येतात. नेडेलेक यांचे 1980 सालचे सर्वांत साधे कड-घटक (कडांवरील अंकांवरून आतले क्षेत्र ठरवणारी सूत्रे) म्हणजे व्हिटनी यांचे 1957 सालचे फॉर्मच आहेत, याकडे बोसाव्हीत यांनी 1988 मध्ये लक्ष वेधले, ते याच संदर्भात.

आता माझी चूक. बाह्य विकलन (फॉर्मचे विकलन, वरची कडांची बेरीज हे त्याचेच जाळीवरचे रूप) जाळीवर तंतोतंत उतरते, वेज गुणाकार (दोन फॉर्मचा गुणाकार) उतरत नाही. साहचर्य (कंस कुठेही घातले तरी तेच उत्तर), चिन्हासहित क्रमनिरपेक्षता (क्रम बदलला तर फार तर चिन्ह बदलणे) आणि लायब्निझचा नियम (गुणाकाराच्या विकलनाचा नियम) हे तिन्ही गुण एकाच वेळी राखता येत नाहीत. टोपॉलॉजीतला कप गुणाकार घेतला तर क्रमनिरपेक्षता जाते, व्हिटनी फॉर्मवरून बेतलेला गुणाकार घेतला तर साहचर्य. म्हणूनच केनेथ विल्सन यांच्या कणभौतिकीतील क्षेत्रे जाळीवर ठेवण्याच्या 1974 सालच्या मांडणीत कडांवर (गणिती) गटाचे घटक ठेवून गेज-सममिती (प्रत्येक बिंदूवर वर्णन स्वतंत्रपणे बदलले तरी भौतिकी न बदलणे) पूर्णपणे टिकते, पण जाळीवर सरळसोट मांडलेला टोपॉलॉजिकल भार (क्षेत्राचा ‘पीळ’ मोजणारी, मूळ सिद्धान्तात पूर्णांक असणारी, अशा गुणाकारातून बनणारी राशी) पूर्णांक येत नाही. लेखातील ते वाक्य मी ‘रेषीय भागाची रचना उतरते’ असे दुरुस्त केले आहे.