तो घोडा इलियडमध्ये नाहीच

‘हेलनसाठी दहा वर्षांचं युद्ध, लाकडी घोडा, अकिलीसची टाच. एवढं ठाऊक असलं की इलियड वाचायची गरज नाही. बाकी नुसतं युद्धाचं गुणगान.’ होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याबद्दल अशा अर्थाचा एक मजकूर सध्या फिरतोय. ग्रीकांनी ट्रॉय शहरावर केलेल्या स्वारीची ही गोष्ट.

घोड्यापासूनच सुरुवात करू. ज्याच्या पोटात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले, तो लाकडी घोडा इलियडच्या 24 सर्गांत कुठेही नाही. ट्रॉय पडतच नाही, तर घोडा कशाला येईल? त्याची गोष्ट होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्यात डेमोडोकस हा अंध गायक गातो, आणि तपशीलवार वर्णन आहे ते व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्यात.

टाचही नाही. ग्रीकांचा सर्वात मोठा योद्धा अकिलीस, आणि टाच सोडून त्याचं सारं अंग अभेद्य, ही ती गोष्ट. उलट 21व्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या अस्टेरोपियसचा भाला अकिलीसच्या हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. अभेद्य अंगातून रक्त?

दहा वर्षंही नाहीत. दहाव्या वर्षातले जेमतेम पन्नासेक दिवस, आणि पहिलाच शब्द ‘क्रोध’. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉनने अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रिसेइस हिसकावून नेली म्हणून लढाई सोडून बसलेल्या अकिलीसचा.

राहिलं गुणगान. यातले वीर कीर्तीसाठी हपापलेले आहेत, हे कबूल. पण 22वा सर्ग वाचा. अकिलीस ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरच्या मागे लागलाय, आणि ऐन धावाधावीत होमर झऱ्याकाठची दगडी कुंडं दाखवतो: ग्रीक येण्याआधी, शांततेच्या दिवसांत, ट्रॉयच्या बायका-मुली इथे कपडे धुवायच्या. पुढे हेक्टर मरतो. घरी त्याच्या बायकोला, अँड्रोमकीला, पत्ताच नाही. ती मागावर विणतेय. नवरा दमून येईल म्हणून दासींना आंघोळीचं पाणी तापवायला सांगते. तटावरून आक्रोश ऐकू येतो आणि तिच्या हातातला धोटा गळून पडतो. ग्रीक कवी, ग्रीक श्रोते. नुसतं गुणगानच करायचं असतं तर शत्रूच्या घरात तापत ठेवलेलं पाणी कोणाला आठवलं असतं?

दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी मात्र दमवते. 29 तुकड्या, अकराशेवर जहाजं. मीही पहिल्या वाचनात पानं उलटली होती. तुम्हीही खुशाल उलटा आणि सहाव्या सर्गावर या. घोडा हवाच असेल तर तिथे आहे, हेक्टरच्या शिरस्त्राणावरच्या घोड्याच्या केसांच्या तुऱ्यात. त्या हलत्या केसांना घाबरून त्याचं तान्हं बाळ दाईच्या कुशीत शिरतं, आईबापांना हसू फुटतं, आणि हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो.