सनद घेतल्यानं घर जात नाही, चौकशीला न गेल्यानं जागा जाते

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला नऊ ग्रुपांवरून आला. भजनी मंडळाचा ग्रुप, बचतगटाचा, डेअरीचा, आणि काल तर माझ्या सख्ख्या साळ्यानंच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘गावकऱ्यांनो, सावध व्हा. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून सरकार तुमची घरं आपल्या नावावर करत आहे. सनद घेतली की तुम्ही मालक राहत नाही, सरकारचे भाडेकरू होता. घरटॅक्स शहरासारखा लागेल. आठ-अ वर नाव आहे तेवढं पुरे. बहिणी हिस्सा मागायला येतील. अतिक्रमणवाले मालक होतील. चौकशीला जाऊ नका, कशावर सही करू नका.’

मी दहा वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव जेमतेम तीनशे उंबऱ्यांचं. आमच्याकडे मोजणीचा चुना पडला तेव्हाही असाच मेसेज फिरला होता, आणि त्यावर विश्वास ठेवलेल्या माणसांचं पुढं काय झालं ते मी पाहिलं आहे. आता शेजारच्या गावांत कोणाची जागा कुठवर याची चौकशी सुरू होतेय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

आधी हे प्रकरण काय आहे ते. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. इंग्रजांच्या काळात काळीची मोजणी झाली, कारण तिच्यातून शेतसारा मिळायचा. पांढरीतून सारा नाही, म्हणून तिच्या आत कोणाचं घर किती हे कोणी मोजलं नाही. नकाशावर गावठाणाचा एकच मोठा तुकडा दाखवून सोडून दिला. म्हणून वावराला सातबारा आहे, धुऱ्याचा वाद झाला तर मोजणी आणता येते, पण घराला सातबारा नाही. मोठ्या गावांत सिटी सर्व्हे झाला, लहान गावं राहून गेली. राज्यानं पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजून पाहिलं, २०१९ मध्ये सगळ्या राज्यासाठी मंजुरी दिली, आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्रानं स्वामित्व नावानं देशभर तेच काम काढलं. मोजणी ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख आणि सर्व्हे ऑफ इंडिया मिळून करतात. शेवटी प्रत्येक घराची मिळकत पत्रिका तयार होते आणि धारकाला सनद मिळते.

आता पहिला दावा, घर सरकारच्या नावावर होतं हा. हे साफ खोटं आहे. सनद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली दिली जाते, आणि ही जागा अमक्याच्या धारणेत आहे, तिच्या हद्दी अशा, क्षेत्र इतकं, हे सरकार तिच्यात लिहून देतं. सरकारनं स्वतःच तुमचं नाव लिहून दिल्यावर तुम्ही भाडेकरू कसे ठरता?

भाडेकरू हा शब्द कुठून आला असेल, ते मात्र मला कळतं. आपल्या विदर्भात नागपूर, अमरावतीसारख्या शहरांत नझूलच्या जागा आहेत. तिथं खरोखरच सरकारचा पट्टा असतो, भुईभाडं भरावं लागतं, पट्ट्याचं नूतनीकरण करावं लागतं. गावातली पोरं शहरात अशा जागेवर राहतात, त्यांचे हाल घरचे ऐकतात. पलीकडं नागपूर, वर्धा, भंडारा भागातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी आहे. १९५१ मध्ये ती जाईपर्यंत घर बांधायला मालगुजाराच्या तोंडाकडं पाहावं लागायचं. ही भीती उगाच आलेली नाही. पण नझूलचा पट्टा वेगळा आणि गावठाणाची सनद वेगळी. शंका असेल तर पत्रिका हातात आल्यावर ‘सत्ताप्रकार’ (जागा कोणत्या हक्कानं धरली आहे) हा रकाना आणि धारकाच्या नावाची ओळ आधी वाचा. पटलं नाही तर तिथंच विचारा.

दुसरा दावा घरटॅक्सचा. यात थोडं तथ्य आहे, ते लपवणार नाही. कर ग्रामपंचायत लावते, सनद लावत नाही. त्यासाठी ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२४ आणि १९६० चे कर व फी नियम आहेत, आणि २०१५ पासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. फेरआकारणी दर चार वर्षांनी करायचीच असते, ड्रोन येवो न येवो. पण ज्याचं घर रजिस्टरला चारशे चौरस फूट आणि जागेवर हजार, त्याचा कर नकाशा आल्यावर वाढेल. वाढायलाही हवा. मी सदस्य असताना दरवर्षी हेच पाहिलं: विधवा बाईची कुडाची खोली रजिस्टरला पूर्ण मापानं, आणि चौकातली दोन मजली स्लॅब अर्ध्या मापानं. त्या पैशात राज्याचा वाटा नाही, तो ग्रामपंचायतीच्याच खात्यात राहतो. नाली उपसायला, दिव्याचं बिल भरायला, पाण्याची मोटर जळली तर बांधून आणायला आमच्यासारख्या ग्रामपंचायतीकडं स्वतःचा पैसा म्हणून तेवढाच असतो.

आठ-अ वर नाव आहे ते पुरे, हा तिसरा दावा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो, कारण तो खरा वाटतो.

एक तर दोन आठांचा घोळ आहे. तलाठ्याकडचा आठ-अ म्हणजे शेतीचा खाते उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची यादी. लोक दोन्हीला आठ-अ म्हणतात. नमुना ८ वर नाव असणं याचा अर्थ एवढाच, की या घराचा कर कोणाकडून वसूल करायचा. करपावतीनं मालकी सिद्ध होत नाही, हे कोर्टांनी वारंवार सांगितलं आहे. बँकेत घर तारण ठेवायला गेलेला माणूस नमुना ८ दाखवून बहुतेकदा परत येतो, कारण त्यावर ना चतुःसीमा धड असतात, ना नकाशा.

आमच्या आळीत एक मावशी आहे. नवरा कपाशीच्या कर्जात गेला. घर नमुना ८ ला सासऱ्याच्या नावे, आणि सासरा वारून पंधरा वर्षं झालेली. घरकुलाच्या यादीत तिचं नाव आलं, पण जागा कोणाची या प्रश्नावर गाडी अडली. २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातून निघालेल्या जिवंत सातबारा मोहिमेत वारसांची नावं चढली, पण ती शेताच्या सातबाऱ्यावर. घराला सातबाराच नाही, तर तिथं जिवंत काय करणार? ती गावठाणाच्या चौकशीला गेली. हातात पिशवी: सासऱ्याचा आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, विजेचं बिल, जुन्या करपावत्यांचा दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा. मी सोबत होतो. अधिकाऱ्यानं विचारलं, दिरांना मान्य आहे का. एक दीर पुण्याला कामावर, दुसरा तिथंच मागं उभा. तो म्हणाला, ‘वहिनी राह्यते न घरात, लिहा तिचं.’ पत्रिका आली तेव्हा धारकांत तिचं नाव होतं. तिनं मला ती दाखवली. पॉलिथिनमध्ये घालून गव्हाच्या कोठीत ठेवली होती. घरकुलाचे पैसे मिळतात, ते हप्त्यानं. हप्ता सुरू व्हायला पायाखालची जागा कोणाची हे कागदावर लागतं, आणि तो कागद तिला चौकशीला गेल्यामुळं मिळाला.

तरी सनद म्हणजे ब्रह्मदेवाचा लेख नव्हे, हेही सांगतो. भाऊबंदकीत मालकीचा खरा वाद असेल तर तो शेवटी दिवाणी कोर्टातच मिटतो. पण कोर्टात उभं राहताना सरकारी नकाशा आणि नोंद ज्याच्या बाजूनं, त्याचं पारडं जड.

बहिणींचा मुद्दा. मेसेजमधली ही ओळ मला सगळ्यात जास्त टोचली. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्यानं आहे, आणि वडील त्या तारखेआधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. सनद घेतल्यानं तो येत नाही, न घेतल्यानं टळत नाही. बहिणीला हिस्सा द्यावा लागू नये म्हणून सगळ्या घराची नोंद अडवून ठेवा, असं सांगणारा माणूस गावाचं भलं करतोय असं मला वाटत नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची हाक दिली तेव्हा याच विदर्भातल्या बापांनी, नवऱ्यांनी वावरं बायकांच्या नावावर केली होती. ती आपलीच गावं.

अतिक्रमणवाले मालक होतील, हे अर्धवट ज्ञान आहे. स्वामित्वची मोजणी गावठाणाच्या हद्दीतली. ई-क्लासवर, म्हणजे गावाभोवतीच्या सरकारी जमिनीवर बसलेली घरं या सनदेत येत नाहीत, त्यामुळं त्यांना फुकट मालकी मिळतेय हे खोटं. आणि त्यांना हाकलण्यासाठी मोजणी आहे, हेही खोटं. सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ च्या आधीपासून राहणाऱ्यांच्या नियमानुकूलतेची वाट वेगळी आहे, तिचे नियम वेगळे. पूर्व विदर्भात सरकारी नोंदीत झुडपी जंगल म्हणून लिहिलेल्या जमिनींचा प्रश्न आणखी वेगळा. तिथं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला निकाल देताना १२ डिसेंबर १९९६ ही तारीख धरली आहे: त्याआधी दिलेल्या जमिनींना एक न्याय, नंतरच्यांना दुसरा. ज्याचं घर झुडपीवर किंवा ई-क्लासवर आहे, त्यानं या मेसेजच्या नादी न लागता आपली जमीन नेमक्या कुठल्या प्रकारची आहे हे तलाठ्याकडून आधी जाणून घ्यावं. तीन प्रश्नांची खिचडी करून गरीब माणसाला घाबरवणं मला पटत नाही.

ड्रोन घरात डोकावतो, ही भर आमच्याच गावात कोणीतरी घातली होती. तो वरून छपरं आणि आवारं टिपतो. पुढं.

आता शेवटची ओळ, चौकशीला जाऊ नका, ही. इथं मला थांबून सांगायचं आहे, कारण हे माझ्या घरात घडलं.

काम कसं चालतं ते आधी पाहा. ठरल्या दिवशी घराच्या कडेनं चुन्याची रेघ ओढतात. वरून ड्रोनला ती रेघ दिसावी, म्हणजे कोणाचं आवार कुठं संपतं ते फोटोत येतं. फोटोवरून नकाशा बनतो. मग चौकशी अधिकारी गावात बसतो, नोटीस निघते, ज्याला जे सांगायचं ते तो सांगतो, कागद दाखवतो, हरकत घेतो. त्यानंतर पत्रिका. म्हणजे बोलायची संधी दोनदा: चुन्याच्या दिवशी एकदा आणि चौकशीत एकदा.

माझ्या चुलतभावाच्या घरामागं पाच फुटांची पट्टी आहे. त्याच्या टिनाचं पाणी तिथं पडतं, तिथंच तो दरवर्षी पऱ्हाटी रचतो, पावसाळ्यात तीच जळणाला काढतो. काकाच्या वेळेपासून ती पट्टी आमच्या घराची. चुन्याच्या दिवशी त्यानं मेसेज वाचला होता, दाराला कुलूप लावलं आणि वावरात निघून गेला. मागच्या शेजाऱ्यानं आपल्या समजुतीनं रेघ थेट भावाच्या भिंतीपर्यंत दाखवली. शेजारी लबाड नाही. विचारणारा समोर होता आणि नाही म्हणणारा कोणी नव्हता. चौकशीची नोटीस आली, तेव्हाही भाऊ म्हणाला, सही करायची नाही म्हणजे नाही. मी सांगून थकलो. पत्रिका आली तेव्हा ती पट्टी शेजाऱ्याच्या नकाशात गेली होती. भावाच्या टिनाचं पाणी आता कागदावर दुसऱ्याच्या जागेत पडतं.

त्याला घाबरवणारा मेसेज कोणी लिहिला, कोणाला माहीत नाही. लिहिणारा पाच फूट परत आणून देणार नाही.

ज्यांच्याकडं चौकशी व्हायची आहे, त्यांनी जाताना एवढं न्या: नमुना ८ चा उतारा, जुन्या करपावत्या, विजेचं बिल, खरेदीखत किंवा वाटणीपत्र असेल तर ते, मालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं. शेजाऱ्याला सोबत घ्या. रस्ता, नाली, देवळाची जागा, विहिरीचं आवार कोणाच्या खासगी नकाशात गेलं नाही ना, ते सदस्यांनी पाहा, ती सगळ्यांची जागा आहे. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्या. पटलं नाही तर हरकत लेखी द्या आणि पोच मागा. सनदेची फी क्षेत्रावर ठरते; तिची पावती घ्या, पावतीबाहेर एक रुपया देऊ नका.

आणि निर्णय विरुद्ध गेला तरी संपत नाही. जिल्हा अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडं ६० दिवसांत अपील करता येतं. भावाच्या प्रकरणातल्या निर्णयाला आज ३८ दिवस झाले. तालुक्याहून नक्कल आणली आहे, १९८४ च्या वाटणीपत्रात त्या पट्टीचा उल्लेख सापडला आहे, आणि खरं काय ते सांगायला तयार असलेला एक म्हातारा साक्षीदारही आहे. सोमवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं यवतमाळला जातोय.